मोहरीची वाटी

२० एप्रिल, सोमवार

त्या माणसाला मी सोडणार नाही!

हे आधी लिहून टाकलं, आता बाकीचं. संध्याकाळी अनयला आंघोळ घालत होते. मल्लखांबाचा क्लास सुरू झाल्यापासून पोराच्या अंगाचा एरंडेल तेलाचा वास जाता जात नाही. साबण लावताना डाव्या मनगटावर बारीक लाल ओरखडे दिसले. विचारलं, तर हात पाठीमागे. पुन्हा विचारलं, तर तोंड भिंतीकडे. सहा वर्षांचं पोर. रडू आलं की दोन्ही ओठ आत ओढून घेतो आणि तसाच उभा राहतो.

शेवटी पद्मजाकडून कळलं. पद्मजा म्हणजे समोरच्या ब्लॉकमधली. तिची पुतणी त्याच क्लासला जाते. म्हणाली, "तुला माहीतच नाही? अगं, खांबाशेजारी खिळ्याला हिरव्या बांगड्या टांगलेल्या असतात. मुलगा रडला की दशरथ सर म्हणतात, रडायचं असेल तर आधी या घाल. मग क्लास संपेपर्यंत हातात. बाकीची मुलं फिदीफिदी हसतात."

गुरुवारी अनय खांबावरून घसरला. गुडघा सोलवटला. रडला. मग घातल्या! घरी यायच्या आधी त्याने एकट्यानेच त्या ओढून काढल्या, त्याचे हे ओरखडे. गुरुवारपासून पोर हे पोटात घेऊन फिरतंय आणि मी त्याला विचारतेय, शिरा करू की उपमा.

मुलुंड पूर्वेला दशरथ सरांना ओळखत नाही असा माणूस नाही. दोन पिढ्या त्यांच्या मैदानावर वाढल्या. सगळे पाया पडतात. पहिल्या दिवशी मीही पडले, अनयला मान धरून वाकवलं. तेव्हापासून कंबर दुखतेय, ती उगाच नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

सिद्धेशला सांगितलं. वाटलं, ताडकन उठेल. कसला उठतोय! "काय यार अनु, एवढं काय त्यात? मलाही घातल्या होत्या सरांनी. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनी एकदा तरी घातल्या. काय झालं मला?"

काय झालं ते मला विचार ना! त्याचे बाबा गेले तेव्हा हा माणूस स्मशानातून आला, आंघोळ केली आणि गळका गिझर दुरुस्त करायला बसला. पाना घेऊन! घरभर माणसं रडतायत आणि हा स्टुलावर उभा. आजही बाबांचं नाव निघालं की उठून गॅलरीत जातो आणि कपडे वाळलेत का ते बघतो.

सासूबाई आतून म्हणाल्या, "रडूक काय चेडू आसा तो? तुमचा आपला कायतरीच." चेडू म्हणजे मुलगी.

म्हणजे घरात दोन वकील, आणि दोघेही त्या माणसाचे.

रागाने म्हटलं, उद्याच नाव काढते. मग विचार केला. नाव काढलं तर काय होईल? सर म्हणतील, नाजूक पोरगं होतं, गेलं. बांगड्या खिळ्यालाच राहतील. ते काही नाही. अनय जाईल. मीही जाईन, रोज. सतरा मेला क्लासच्या उन्हाळी शिबिराचा समारोप आहे आणि सरांचा सत्कार. त्या दिवशी सगळं मुलुंड समोर असेल. त्याने माझ्या पोराला जिथे लहान केलं, तिथेच त्याला लहान करीन. सगळ्यांसमोर.

२२ एप्रिल, बुधवार

दिवसभर मीटिंग. कोण काय बोललं काही कळलं नाही. डोक्यात एकच. हिरव्या बांगड्या.

२४ एप्रिल, शुक्रवार

शाळेत समुपदेशक आहेत, निधी मॅडम. सुट्टी लागलेली, तरी फोन घेतला. भली बाई आहे. म्हणाल्या, "मुलग्यांना 'रडू नको' सांगून सांगून आपण त्यांचे शब्दच काढून घेतो. मग त्यांच्याकडे उरतं काय? एक तर मारामारी, नाहीतर पोटदुखी. रोज एकदा विचारा, आज कसं वाटलं. उत्तर आलं नाही तरी विचारा. आणि आलं ना, तर मध्ये बोलू नका. एवढंच पाळा, मध्ये बोलू नका."

मी म्हटलं, मी कुठे मध्ये बोलते!

त्यांनी चेहऱ्यांचा तक्ता पाठवला. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. प्रिंट काढून फ्रिजवर लावला. अनयने एकदा बघितलं आणि म्हणाला, "हे सगळे टकले आहेत." संपलं समुपदेशन.

२६ एप्रिल, रविवार

आज मात्र कमाल झाली!

आमटीला फोडणी घालत होते. अनय ओट्याजवळ स्टुलावर चढून बसला होता, बाजूला मिसळणाचा डबा उघडा. तेलात मोहरी तडतडायला लागली आणि तो अगदी सहज म्हणाला, "माझ्या पोटात असं होतं."

मी काही बोलले नाही. खरंच नाही बोलले!

"कधी होतं?" एवढंच विचारलं, तेही जरा वेळाने.

"क्लासला जाताना. जिना उतरताना सुरू होतं."

मोहरी जळत होती. जळू दे म्हटलं. मग त्याने डब्यात बघितलं, मिठाच्या वाटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "आणि खांबावरून पडलो ना, तेव्हा हे." मग तिखटावर बोट ठेवलं, नुसतं वरून. "आणि बांगड्या घातल्या तेव्हा हे. पण बाहेर नाही आलं. आतच."

सगळ्या वाट्यांना त्याने कामं वाटून दिली. मोहरी म्हणजे भीती. मीठ म्हणजे रडू. तिखट म्हणजे राग. जिरं म्हणजे मजा, कारण त्याला जिरा राईस आवडतो. हळदीवर अडला. म्हणाला, "हळद म्हणजे लागलेलं बरं होतं ना, ते."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या, मला दिसल्याच नाहीत. आमटीला जळकट वास येत होता. ती सगळ्यांनी तशीच खाल्ली.

त्याला कुशीत घेतलं तेव्हा केवढं बरं वाटलं! आणि त्याच क्षणी मनात आलं: जिना उतरताना सुरू होतं. माझ्या लेकराच्या पोटात त्या माणसाने मोहरी पेरली. आता माझ्याकडचं तिखट बघ म्हणावं. आत ठेवायची सवय मला नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात सांगितलं, महिनाभर घरून काम करते. 'घर' म्हणजे मैदानाचा कट्टा. मांडीवर लॅपटॉप, हातात मोबाईल, कॅमेरा तयार.

सरांनी लांबूनच नमस्कार केला. "या अनयच्या आई, बसा, सावलीत बसा." गोड! साठी उलटली तरी खांबासारखा सरळ. आवाज असा की कावळे उडतात.

एक मुलगी रडली. तिला पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला. बघा! मुलगी रडली तर पाणी, मुलगा रडला तर बांगड्या. पण मुलगा एकही रडला नाही. मेल्याने आज काहीच केलं नाही. चरफडत घरी आले.

३० एप्रिल, गुरुवार

मिळालं!

प्रांजल नावाचा एक बारकासा मुलगा आहे, समोरचे दात पडलेला. आज तेढीची पकड घेताना उलटा लटकला आणि घाबरला. खाली उतरवल्यावर भोकाड पसरलं. सर शांतपणे खिळ्यापाशी गेले. बांगड्या काढल्या. "रडायचं असेल तर आधी या घाल." मुलं हसली. प्रांजलचा आवाज बंद, नुसते खांदे हलतायत. सगळं माझ्या मोबाईलमध्ये! चित्र अगदी स्पष्ट आलंय. तीन-तीनदा बघितलं.

घरी येताना अनयने विचारलं, "आई, तू तिथेच होतीस ना?"

"होते ना."

"मग तू प्रांजलच्या बांगड्या का नाही काढल्यास?"

म्हटलं, "अरे राजा, पुरावा लागतो." त्याला पुरावा म्हणजे काय ते कळलं नाही. मी पोळ्यांच्या घाईत होते, नीट सांगता आलं नाही.

३ मे, रविवार

पद्मजाला बेत सांगितला. बांगड्यांचा आहेर! षंढ पुढाऱ्यांना बायका मोर्चा नेऊन देतात ना, तसा. ताटात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, माईकवर दोन वाक्यं. बस्स. जशास तसं.

पद्मजा आधी हसली, मग म्हणाली, "सरळ जाऊन बोल ना गं त्यांच्याशी. घरी चहाला बोलव."

"चहा? विष घालून?"

"आणि बांगड्या देऊन त्यांना काय सांगणार? की तुम्ही बाई आहात? मग तुझ्या हातात काय आहे, अनु?"

हातात बघितलं. लग्नापासूनच्या दोन हिरव्या आणि मधे सोन्याची एक. हात मागे घेतला आणि म्हटलं, "तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?" तर उठून गेली. जाऊ दे. चहा म्हणे!

५ मे, मंगळवार

डबा रोज संध्याकाळी निघतो. आता अनय आपणहून सांगतो. काल मोहरी, आज थोडीशीच मोहरी आणि खूप जिरं. पोटदुखी कमी झाली.

आज मात्र त्याने बापाला पकडलं. "बाबा, तुमचं कोणतं?"

सिद्धेश मोबाईल बघत म्हणाला, "मी ठीक आहे रे."

"ठीकची वाटी नाहीये."

सासूबाई निवडत असलेली मेथी तशीच धरून बसल्या. सिद्धेशने मोबाईल ठेवला. हसला. मग हसू ओसरलं. मग बोट मिठावर ठेवलं आणि म्हणाला, "आजोबांची आठवण आली की." आणि उठून गॅलरीत गेला. पण आज कपडे चाचपले नाहीत, नुसता उभा राहिला. अनय मागोमाग गेला आणि त्याची पँट धरून उभा राहिला.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "लहानपणापासून असोच. सगळा पोटात ठेवता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग संतापही आला. नवराही त्या माणसाने असाच बंद करून ठेवला आणि मग माझ्या पदरात घातला! पहिली तक्रार लेकाची होती, ही दुसरी. दोन्हींची परतफेड एकाच ताटात होईल.

८ मे, शुक्रवार

आज मैदानावर गेले नाही. पहिल्यांदाच. अनयला पद्मजाच्या पुतणीबरोबर पाठवलं आणि मी स्टेशनपलीकडे बाजारात, रतनकाकांच्या दुकानात. माझ्या डोहाळजेवणाला त्यांनीच बांगड्या भरल्या होत्या.

"कुठलं माप, ताई?"

"असेल त्यात मोठ्यात मोठं."

"हात कोणाचा? सासूबाईंचा?"

"नवरदेवाचा," म्हटलं.

ते हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेय. बांगड्या कागदात गुंडाळायच्या आधी त्यांनी त्यांना हात लावून नमस्कार केला. कासाराची रीतच ती. मी तेवढ्यात बाहेर रिक्षा दिसतेय का ते बघत होते.

घरी आले तर अनय दारातच. गाल लाल, डोळे चकचकीत. "आई, आई, आज ना मी सरांना—"

पिशवी हातात होती, काचा किणकिणत होत्या. "नंतर सांग, बाळा. आधी हात धू." पिशवी कपाटावर ठेवली, मागे, बॅगेच्या आड.

जेवताना त्याने हळदीची वाटीच डब्यातून उचलून ताटाशेजारी ठेवली. "आज हळद!"

"का रे, पडलास?"

"नाही गं, ऐक ना—"

आणि फोन वाजला. समारोपाची तयारी करणारे श्यामसुंदर काका. पालकांतर्फे सरांना भेट द्यायला कोणी हवं होतं. मी मघाच निरोप ठेवला होता की मी आहे. "तुम्हीच द्या अनुपमाताई, तुम्ही तर रोज येऊन बसता, केवढी आस्था तुमची!"

आस्था! फोन ठेवून एकटीच हसले. वळले तर अनय ताटावरून उठला होता. हळद परत डब्यात होती.

१० मे, रविवार

माझ्या हाताने, स्टेजवर, पालकांतर्फे! देव आहे.

१२ मे, मंगळवार

खिळ्यावरच्या बांगड्या गायब!

नुसता खिळा. विचारलं नाही, पण नजर तिकडेच. सरांनी ते पाहिलं, माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला पुढे आले. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. घाबरला! नक्की पद्मजाने चुगली केली. आता साळसूद होऊन सत्कार घेणार. पण सर, उशीर झाला. खिळा रिकामा केला म्हणून मनगटं विसरत नाहीत.

१४ मे, गुरुवार

अनय म्हणाला, "मी पण स्टेजवर येणार आहे. सिक्रेट आहे. मोहरी आणि जिरं, दोन्ही एकदम."

प्रात्यक्षिक असेल. छान म्हटलं. माझी वाक्यं आरशासमोर पाठ करत होते. दोनच आहेत, पण ठसठशीत हवीत.

१८ मे, सोमवार

काल झालं. सगळं नीट लिहून ठेवते, म्हातारपणी वाचायला.

मैदान भरलेलं. प्लास्टिकच्या खुर्च्या पुरल्या नाहीत, मागे लोक उभे. सर पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यात. शाल झाली, श्रीफळ झालं. मी पायरीजवळ ताट घेऊन, वर जरीचा रुमाल. लोकांना वाटतंय, चांदीची मूर्ती असेल.

आता भेटवस्तू, एवढ्यात सरांनीच माईक मागितला. आणि खाली हात करून अनयला वर बोलावलं. माझ्या अनयला! त्याचा हात धरला. तोच डावा हात. म्हणाले, "या मुलाला मी गेल्या महिन्यात बांगड्या घातल्या होत्या."

आणि मैदान हसलं! मागच्या रांगांतले सगळे जुने विद्यार्थी, मिशावाले, पोट सुटलेले, खो खो हसले. एकाने टाळी दिली. माझं पोर स्टेजवर उभं, खाली मान घालून, आणि अख्खं मुलुंड हसतंय! सर हात वर करून थांबा थांबा करत होते, पुढचा विनोद सांगायला. मी देऊ काय सांगायला?

तीन पायऱ्या कशा चढले माहीत नाही. माईक घेतला, अक्षरशः हातातून. "सर, एवढ्या आवडतात तुम्हाला, म्हणून आम्ही पालकांनी तुमच्यासाठीच आणल्यात." रुमाल काढला. हिरव्यागार.

मागून एक शिट्टी. मग मोबाईल वर झाले.

सरांनी ताटाकडे बघितलं, मग अनयकडे. आणि आपणच हात पुढे केला. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील, निघून जातील. हात पुढे केला! मीही मागे हटले नाही. पहिली घातली. बोटांच्या सांध्यांवर अडली. लोटली. फुटली. रक्ताची बारीक रेघ सदऱ्याच्या बाहीवर. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. पाणी! तीस वर्षं पोरांच्या डोळ्यांतलं बंद करत आलेला माणूस!

मी दुसरं वाक्य टाकलं, त्यांचंच. "रडायचं असेल तर आधी या घाला."

काय टाळ्या! आयांनी वाजवल्या, खरं सांगते. सर "बरोबर आहे" एवढंच म्हणाले, माईकशिवाय, म्हणजे मलाच ऐकू आलं. आणि उतरून गेले. शाल खुर्चीवरच राहिली.

अनयचा हात धरून खाली आले. मे महिन्याचा उकाडा, आणि हात गार होता. बिचारा, केवढा घाबरला असेल त्या माणसाच्या शेजारी उभा राहून.

१९ मे, मंगळवार

व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय. भांडुपपर्यंत पोचला. ऑफिसमधून मेसेज: झकास! वाघीण! एका अनोळखी बाईने लिहिलं, आम्हाला तुमच्यासारख्या आया हव्यात. प्रांजलचा व्हिडिओही मी ग्रुपवर टाकला. आता कोणी म्हणायला नको की खोटं बोलते.

सकाळी दोन वेळा चहा घेतला. इतकी गोड सकाळ कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

सिद्धेश बोलत नाही. बोलेल.

२० मे, बुधवार

प्रांजलच्या आईचा फोन. म्हटलं, आभार मानायला असेल. तर म्हणे, "माझ्या मुलाचा रडतानाचा व्हिडिओ कोणाला विचारून टाकलात? वाट लागली त्याची! खाली खेळायला जात नाहीये." आणि फोन ठेवला. बघा, करायला जावं भलं! डिलीट केला. पण पुढे गेलेला कुठे कुठे डिलीट करणार?

२२ मे, शुक्रवार

क्लास बंद. सरांनी स्वतःच बंद केला म्हणतात. मैदानात खांब तेवढा उभा, मॅटचीही गुंडाळी झाली. येता-जाता बघते. जिंकले मी!

सासूबाई भाजी चिरताना म्हणाल्या, "झाला मा तुझ्या मनासारख्या? आता झिलाकडे बघ." झील म्हणजे मुलगा. बघतेच आहे की! कोणासाठी केलं हे सगळं?

अनयने अंथरूण ओलं केलं, समारोपापासून दुसऱ्यांदा. संध्याकाळी डबा काढला तर त्याने झाकण लावून टाकलं. दोन-तीनदा विचारलं. ओठ आत. त्या माणसाचा धसका अजून गेलेला नाही. केवढं नुकसान करून ठेवलंय त्याने, आता कळतंय. आहेर कमीच पडला.

२५ मे, सोमवार

आजही काही बोलला नाही. निधी मॅडमना फोन करू का? त्यांनीही व्हिडिओ बघितला असेल. नको.

२७ मे, बुधवार

सकाळी अनयने आपणहून डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. मी गॅस बंद केला.

हळदीवर बोट. "ही सरांची. तू बाजारात गेली होतीस ना, तेव्हा मी त्यांना सांगितलं, तुम्ही बांगड्या घातल्या तेव्हा मला मीठ झालं होतं, तिखट पण झालं होतं. ते खालीच बसले. मला सॉरी म्हणाले. म्हणाले, सगळ्यांसमोर घातल्या ना, मग सॉरी पण सगळ्यांसमोर म्हणतो. तू ये माझ्याबरोबर स्टेजवर."

मी विचारलं, "मग मला का नाही रे सांगितलंस? नंतर तरी?"

त्याने मोहरीच्या वाटीवर बोट ठेवलं. काढलंच नाही.

"कोणाची ही? सरांची?"

"तुझी."